पेट्रोलच्या झाकणावरची देवी

आयुधपूजेच्या दिवशी मी देवीच्या गंधात डिंक कालवला. पुढं जे घडलं ते सगळं त्या डिंकामुळं घडलं, आणि डिंक घालायला मला कुणीही सांगितलं नव्हतं.

खंडेनवमीला आमच्या घरात इतर बेंगळूरकरांसारखं आयुधपूजाच म्हणतात. तीनेकशे वर्षांपूर्वी आमचे पूर्वज कुणाच्या तरी फौजेबरोबर इकडं आले आणि इथलेच झाले. त्यांच्या तलवारी कुठं गेल्या देव जाणे. साठ सालाच्या मागंपुढं, मी सांगतोय त्या दिवसांत, बसवनगुडीतल्या आमच्या घरात पूजेला मांडायची आयुधं तीनच होती: वैनीची विळी, अण्णाचं फाउंटन पेन आणि माझी जुनी विलायती मोटार. आदल्या वर्षी गाडीला लावलेलं गंध दोन दिवसांत तडकून गळून पडलं होतं. शेजाऱ्यांच्या गाड्यांवर दिवाळीपर्यंत कुंकू दिसत होतं आणि माझी गाडी विधवेसारखी कोरी. मला ते लागलं. म्हणून यंदा लाडवांसाठी आणलेल्या डिंकातला मूठभर पळवला, पाण्यात विरघळवला आणि चंदनात कालवला.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी एका कचेरीत नकाशे काढणारा माणूस. हात शिवशिवत होता. गाडीच्या मागच्या अंगाला पेट्रोलच्या टाकीचं झाकण होतं, तळहाताएवढं, गोल, बाहेर आलेलं. पेट्रोल हे गाडीचं अन्न, तेव्हा अन्नपूर्णेची जागा हीच, असा विचार करून मी त्या झाकणावर देवीचा आख्खा मुखवटा घडवला. चांदीचे डोळे बसवले, कपाळभर कुंकू भरलं आणि मधोमध गंधाचं ठसठशीत नाक उभं केलं. उन्हात वाळल्यावर ते दगडासारखं झालं. वैनी हात पुसत बाहेर आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "देवी झकास झालीय रे. नाक तेवढं तुझ्यासारखं आलंय, सगळ्यांत खुपसायला पुढं."

वैनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची बायको. ती लग्न होऊन आली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि आई जाऊन वर्ष झालं होतं. मला जेवायला घालणं, अंघोळ घालणं, मारणं, आणि मारल्यावर जवळ घेणं, हे सगळं तिनं केलं. मला आई आठवायची म्हटलं की वैनीचाच चेहरा येतो. तिला दमा होता. थंडी पडली की तिच्या छातीत कुणी तरी बारीक शिट्टी वाजवत बसायचं. त्या शिट्टीवरून रात्र कशी जाणार हे घरात सगळ्यांना कळायचं. अण्णा तारऑफिसात होता आणि बोलायचाही तारेसारखंच, शब्दाला पैसे पडत असल्यागत. त्यामुळं घरात बोलायचं काम वैनी आणि मी वाटून घेतलं होतं. गाडीला भवानी हे नावही तिचंच. "लहर लागली तर चालते, नाही तर डोळे वटारते," असं ती म्हणायची.

दसरा झाला आणि भवानीनं खरोखरच डोळे वटारायला सुरुवात केली. सकाळी एका हँडलात सुरू व्हायची. कचेरीपर्यंतचे दोन मैल फुलासारखी जायची. पण लांब कुठं निघालो की तीन-चार मैलांवर एक आचका, दोन आचके, आणि रस्त्याच्या मधोमध गप्प. मग हँडल मारून खांदा निखळला तरी हूं नाही की चूं नाही. पाव तासानं मात्र पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही.

माझ्याकडं गाडीबरोबर आलेलं एक इंग्रजी पुस्तक होतं आणि त्याहून धोक्याचा आत्मविश्वास होता. पहिल्यांदा बंद पडली तेव्हा मी प्लग काढून घासले. गाडी सुरू झाली. प्लगच होता, असं मी घरी सांगितलं. दुसऱ्यांदा डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट पॉलिश पेपरनं साफ केले. सुरू झाली. पॉइंटच होता. तिसऱ्यांदा कार्ब्युरेटरचा जेट काढून फुंकला, चौथ्यांदा इंजिनाजवळच्या छोट्या पंपावर ओलं फडकं ठेवलं. दर वेळी पाव तास खटपट केली आणि दर वेळी गाडी सुरू झाली. म्हणजे माझी चारही निदानं बरोबर ठरली आणि रोग होता तिथंच राहिला. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडं नेली, तर त्यानं आधी झाकण उघडून काठी घालून पेट्रोल बघितलं, मग हँडल मारलं. गाडी धडधडत उभी. "सार, आजारी असताना आणा की. धडधाकट माणसाला औषध कसं देऊ?" तो म्हणाला. झाकण उघडताना मी मात्र ओरडलो होतो, "अरे कडेनं धर, देवीच्या तोंडाला हात लावू नको!"

अशीच एकदा गाडी रस्त्यात बसली असताना माझ्याजवळ पान्हा नव्हता. करायला काही नाही म्हणून मी फूटबोर्डावर बसून कुलदेवीच्या स्तोत्राचे अकरा पाठ केले. लहानपणी वैनीनंच ते शिकवलेलं. पाठ संपले, उठलो, हँडल मारलं आणि भवानी सुरू झाली. पुढच्या खेपेलाही तेच. अकरा पाठ, एक हँडल. माझी खात्री पटली आणि ती मी गुप्त ठेवली असती तर तो मी नव्हेच. आमच्या गुरुवारच्या भजनात मी हे रंगवून सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. एकानं सायकलची चेन पडू नये म्हणून किती पाठ करावेत तेही विचारलं. वैनी तेवढी म्हणाली, "अकरा पाठ इंजिनाला. मग चाक पंक्चर झालं की काय, सप्ताह बसवशील?" मी हसलो. पण आतून मला वाटायला लागलं होतं की देवी माझ्या हाताशी आहे. हँडल जसं सीटखाली ठेवलेलं असतं, तशी.

मार्गशीर्षात वैनी येलहंक्याला तिच्या भावाकडं गेली. त्याच्या मुलाची मुंज होती. अण्णाही बरोबर होता. मुंज पार पडली, पण मुंजीच्या धुरानं आणि थंडीनं तिला दम्यानं गाठलं. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या कचेरीत अण्णाचा फोन आला. फोनवरसुद्धा तो तारच करायचा. "वैनी सीरियस. गाडी आण." एवढंच.

निघालो. वाटेत दोनदा भवानी बसली, दोन्ही वेळा मी पाठ केले, ती उठली. येलहंक्याच्या अलीकडं पंप लागला तेव्हा शहाणपणा सुचला: परतताना खोळंबा नको, टाकी काठोकाठ भरून घ्यावी. पंपवाल्याला झाकणावरच्या मुखवट्याचं कौतुक वाटलं आणि मी त्याला अकरा पाठांची कथा सांगायला लागलो. ती सांगता सांगताच मी झाकण फिरवलं. त्या वेळी त्या झाकणानं मला एक गोष्ट सांगितली असणार. पण ऐकायला मी गप्प कुठं होतो?

वैनी कॉटवर पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसली होती. प्रत्येक श्वासाला तिचे खांदे वर चढत होते. तिथल्या डॉक्टरांनी पहाटे एक इंजेक्शन दिलं होतं. त्यांनी मला बाजूला घेतलं. "अजून एक देऊन बघतो, पण इथं ऑक्सिजन नाही. शहरात मोठ्या इस्पितळात न्या. वेळ घालवू नका." ते गंभीरपणे बोलले आणि मला वेळ या शब्दाची पहिल्यांदा भीती वाटली. बाकीचे लोक तिला गाडीत आणून बसवत होते तेव्हा मी वैनीला उगाच म्हणालो, "चल, तुझी भवानी आलीय न्यायला." एरवी या वाक्यावर मला चांगलंच ऐकावं लागलं असतं. वैनी मला टोचून बोलली नाही, तेव्हा मी खरा घाबरलो.

इस्पितळ दहा-बारा मैलांवर. पहिला दीड मैल मी इतक्या अलगद चालवली की मुंगीसुद्धा दबली नसती. पुढं हेब्बाळच्या तळ्याआधी, दोन्ही बाजूंना कापलेल्या रागीची शेतं, वर चिंचेची झाडं, आणि भवानीनं आचका दिला. दुसरा दिला. आणि थांबली. एरवीपेक्षा निम्म्या वाटेत.

इंजिन बंद झाल्यावर गाडीत एकच आवाज उरला, वैनीच्या छातीचा. मी बॉनेट उघडलं आणि एरवीची पाव तासाची खटपट पाच मिनिटांत उरकायला लागलो. प्लग काढले, घासले, लावले. हँडल मारलं. नाही. पॉइंट पुसले. नाही. पंपावर ओला रुमाल ठेवला, जेट फुंकला, हँडल मारलं, नाही. हात पोळले ते मला नंतर कळलं. एक लॉरी आली. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून हात हलवले, ती मला वळसा घालून धुरळा उडवत गेली. बस दुपारची. अण्णा मागच्या सीटवर वैनीला धरून बसला होता. त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली. "किती वेळ?" त्यानं विचारलं. माझ्या त्या मितभाषी भावाचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता. "अकरा पाठ," मी म्हणालो. त्यानं वैनीच्या बोटांकडं बघितलं. मीही बघितलं. नखं जांभळी पडली होती. अकरा पाठांएवढा वेळ आमच्याजवळ नाही, हे आम्हा दोघांना कळलं.

तरी मी फूटबोर्डावर बसलो, डोळे मिटले आणि स्तोत्र सुरू केलं. दुसऱ्याच ओळीला अडलो. पुढची ओळ आठवेना. सहा वर्षांचा असल्यापासून रोज म्हटलेली ओळ, झोपेतसुद्धा म्हणेन अशी, आणि ती माझ्या तोंडातून पुसून गेली होती. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडलो. डोक्यात दुसरं काही नव्हतंच, मागून येणारी ती शिट्टी तेवढी ऐकू येत होती, आणि तीसुद्धा आता बारीक बारीक होत चालली होती. मग मी म्हणायचं सोडून दिलं. हात मांडीवर पडले. मनात म्हणालो, आई, मला स्तोत्र येत नाही, मला गाडी येत नाही, मला काहीसुद्धा येत नाही. ही माझी आई आहे. बघ.

आजवर मी देवीशी इतकं बोललो होतो, पण तिच्याजवळ खरं बोलल्याची ही पहिलीच वेळ असावी. आणि मी गप्प बसलो. किती वेळ ते सांगता येणार नाही, फार नसेल. बैलांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज मागून आला तेव्हा मी डोळे उघडले.

एक बैलगाडी येत होती. त्यात तेलाचे चौकोनी डबे रचलेले, वर गोणपाट. हाकणारा म्हातारा काळासावळा, डोक्याला मळका पंचा, अंगाला शेंगतेलाचा वास. घाण्यावर तेल काढून बाजारात नेणारा असावा. आमच्या गाडीमागं त्यानं बैल थांबवले, खाली उतरला आणि आधी आमच्याकडं न येता सरळ भवानीच्या पाठीशी गेला. झाकणावरच्या मुखवट्यासमोर त्यानं पायातल्या वहाणा काढल्या आणि हात जोडले. रस्त्यात देवी दिसली म्हणून तो थांबला होता, आमच्यासाठी नव्हे.

मी धावत गेलो. "अज्जा, माझी वैनी आजारी आहे. तुमच्या गाडीतून पुढं नेता का?" मी कानडीत म्हणालो. त्यानं खिडकीतून आत बघितलं, वैनीकडं, अण्णाकडं. मान हलवली. "या गाडीनं दुपार होईल, सामी. हादरे वेगळेच. तायीला सोसायचं नाही." मग तो पुन्हा त्या झाकणापाशी गेला, देवीच्या चेहऱ्याकडं जरा वेळ निरखून बघत राहिला आणि म्हणाला, "उसिरु कट्टिदे."

उसिरु म्हणजे श्वास. श्वास कोंडलाय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "हो अज्जा," मी म्हणालो, "लहानपणापासूनच दमा आहे तिला."

"तायीचा नव्हे," तो म्हणाला. "हिचा." आणि त्यानं भवानीच्या पाठीवर थाप मारली. "हे काय आहे आत?"

"पेट्रोल."

"म्हणजे तेलच की. तोंडं किती डब्याला?"

"एक. हेच."

"मग वाऱ्याला भोक कुठाय?"

माझ्याकडं बघून त्याला बहुधा कळलं की शिकलेल्या माणसाला सावकाश सांगावं लागतं. त्यानं आपल्या गाडीतल्या एका डब्याकडं बोट दाखवलं. "डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येतं का? स्वल्प येतं, गुडगुडतं, बंद होतं. दुसरं भोक पाडलं की धार लागते. वारा आत गेल्याशिवाय तेल बाहेर येत नाही, सामी. तुझी देवी नाक दाबून बसलीय."

त्यानं पंचा काढून झाकणाभोवती गुंडाळला, देवीच्या डोळ्यांना धक्का लागणार नाही असा, आणि दोन्ही हातांनी पिळलं. झाकण हलेना, आतून कुणी ओढून धरल्यासारखं. मग एकदम सैल झालं आणि आवाज आला.

तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. एक लांब, खोल, आत ओढलेला श्वास. पाण्यात बुडालेला माणूस वर येऊन घेतो तसा. त्या लोखंडाच्या टाकीनं श्वास घेतला आणि तो घेतच राहिली. म्हाताऱ्यानं पुन्हा हात जोडले. माझ्या अंगावर काटा उभा राहिला, मला जोडायला हात सापडेनात. आत, खिडकीपलीकडं, वैनी तशाच एका श्वासासाठी झगडत होती, आणि इथं मी दोन महिने देवीचं नाक चोंदवून तिचीच स्तोत्रं म्हणत आलो होतो.

म्हाताऱ्यानं गोणपाट शिवायची दाभण काढली आणि देवीच्या नाकपुडीत घातली. डिंक असा बसला होता की त्याला दाभण फिरवत फिरवत न्यावी लागली. खालून एक बारीक भोक निघालं. मुद्दाम पाडलेलं, कारखान्यातूनच आलेलं, टाचणीच्या डोक्याएवढं. इतकी वर्षं ती गाडी माझी होती आणि हे भोक मी कधी बघितलं नव्हतं. त्यावरच मी माझं सगळ्यांत सुंदर नाक उभं केलं होतं. "सरी, झालं. आता फिरव," तो म्हणाला. मी हँडल मारलं. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा, इंजिनापर्यंत पेट्रोल ओढलं जाईपर्यंत. आणि भवानी सुरू झाली.

म्हाताऱ्याला मी काय म्हणालो ते आठवत नाही. बहुधा काहीच नाही. गाडी सोडताना मागच्या आरशात तो वहाणा पायात घालताना दिसला, एवढंच. पुढचे आठ-नऊ मैल भवानी एकदाही अडखळली नाही. इस्पितळात वैनीला आत नेलं, नाकाला ऑक्सिजन लावला, शिरेत इंजेक्शन दिलं. डॉक्टर तासाभरानं बाहेर आले. "अजून अर्धा तास उशीर झाला असता तर मी काही सांगू शकलो नसतो," म्हणाले. अण्णा बाकावर बसला आणि त्यानं माझा हात धरला. माझ्या हातांना फोड आले होते. मग त्यानं त्याची नेहमीची तार केली. "वाचली."

तिसऱ्या दिवशी वैनी उशांना टेकून बसली, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. डिंकासकट. लाडवांचा डिंक चोरला तिथपासून. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हाताऱ्यानं वहाणा काढल्या, तिथं तिचे डोळे भरले. नाकाच्या गोष्टीपाशी तिला हसू फुटलं, हसण्यातून खोकला, आणि नर्सनं मला खोलीबाहेर काढलं.

पुढच्या रविवारी नारळ, पंचा आणि पेढे घेऊन मी त्या रस्त्यानं गेलो. आसपासच्या दोन गावांत तेल्यांच्या घरी विचारलं. एकानं सांगितलं, असा म्हातारा आमच्यात नाही. दुसऱ्यानं सांगितलं, असे चार आहेत. त्या चौघांपैकी तिघांना भेटलो, ते नव्हते. चौथा मुलीकडं गेला होता. पुन्हा जाईन म्हणालो, गेलोही, पण भेट झाली नाही. तो कोण होता याविषयी मी डोकं चालवायचं सोडलं आहे. डोकं चालवून माझं काय भलं झालं ते वर आलंच आहे. तो तेल विकणारा म्हातारा होता, देवी दिसली म्हणून थांबला. मला एवढं पुरतं. पण मुखवट्याच्या गालावर त्याच्या अंगठ्याचा तेलकट ठसा उमटला होता. कितीतरी महिने तो तिथं होता, आणि कचेरीला निघताना माझा हात आपोआप त्याच्याकडं जायचा.

अकरा पाठांचं कोडंही मला हळूहळू उलगडलं. पाव तास थांबलं की झाकणाच्या फटीतून थोडा थोडा वारा टाकीत शिरायचा, आणि गाडी सुरू व्हायची. मी प्लग घासले काय, पॉइंट पुसले काय आणि स्तोत्र म्हटलं काय, तिला सारखंच. टाकी काठोकाठ भरली तेव्हा आत वाऱ्याला जागाच उरली नाही, म्हणून ती त्या दिवशी निम्म्या वाटेत गुदमरली. म्हणजे माझ्या शहाणपणानंच. भजनातल्या एकानं मला हे ऐकून विचारलं, मग पाठ वाया गेले म्हणायचे का? मला तसं वाटत नाही. पाठ म्हणताना मी निदान हातातला पान्हा खाली ठेवत होतो. फक्त तोंडानं स्तोत्र चालू असताना मनात मी देवीला हँडल मारत होतो. त्या दिवशी ओळ विसरली आणि तेही हँडल हातातून सुटलं. आपण देवाला इतकं माखून ठेवतो, आपल्या हौशीनं, आपल्या हुशारीनं, की त्याला यायलाही जागा राहत नाही. थोडी मोकळी ठेवावी. टाचणीच्या डोक्याएवढी पुरते. आता मी स्तोत्र एकदाच म्हणतो आणि मग जरा वेळ नुसता बसतो. त्या बसण्यात मला अजून कधी कधी तो टाकीचा श्वास ऐकू येतो आणि अंगावर तसाच काटा येतो. हे ज्या कुणाचं देणं आहे, तिच्या पायांशी माझं डोकं आहे.

पुढच्या वर्षीची आयुधपूजा आली. वैनी ठणठणीत, म्हणजे दम्याच्या मानानं. आदल्या दिवशी तिनं डिंकाचा डबा कुलुपात ठेवला. पूजेला मी भवानीच्या झाकणापाशी गंधाची वाटी घेऊन बसलो आणि भोकापासून दोन बोटं दूर, करंगळीनं, एकच ठिपका लावला. वाटीत भरपूर गंध उरलं होतं. चंदन उगाळताना माझा हात आवरत नाही. "वैनी, उरलेल्याचं काय करू?" मी विचारलं.

तिनं वाटीत बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाली, "तुझ्या डोक्याला थाप सगळं. तिथं वारा गेला काय न् न गेला काय, आत अडायला काही नाहीच."